बसमधला क्रिकेटपटू

अजित वाडेकर क्रिकेटकडे वळले ते एका बसप्रवासामुळे. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात ते शिवाजी पार्कहून एल्फिन्स्टन कॉलेजला बसने जायचे. शेजारीच राहणारे बाळू गुप्तेही त्याच बसला असायचे. बाळू म्हणजे कसोटीपटू सुभाष गुप्त्यांचे धाकटे भाऊ, कॉलेजच्या संघातले लेगस्पिनर. पुढे स्वतःही कसोटी खेळले. संघाला बारावा गडी हवा होता, दिवसाला 3 रुपये मिळणार होते, आणि गुप्त्यांनी बसमध्येच या शेजाऱ्याला विचारलं. मैदानात पाणी घेऊन जायला राजी झालेला तो मुलगा 1971 मध्ये भारताचा कर्णधार म्हणून वेस्ट इंडीज आणि इंग्लंड दोन्हीकडे मालिका जिंकून आला. वाडेकरांनी ही आठवण अनेकदा सांगितली. ती सहसा नशिबाचा खेळ म्हणून वाचली जाते. मला तिच्यात मुंबईची एक जुनी रीत दिसते. नावाजलेला खेळाडू आणि त्याला ओळखणारा माणूस एकाच बसची वाट पाहायचे, आणि दोघांनाही त्यात विशेष काही वाटत नसे. आजचा खेळाडू गाडीच्या काचा वर करून निघून गेला की आपण त्याला शिष्ट म्हणतो, आणि जुन्या खेळाडूंच्या साधेपणाचे गोडवे गातो. माझं म्हणणं असं की, चाहता समोर आल्यावर खेळाडू कसा वागेल हे त्याच्या स्वभावापेक्षा तो राहतो कुठे, जातो-येतो कसा आणि पगार कोणाच्या हातून घेतो यावर ठरत आलं आहे. मुंबईच्या क्रिकेटचा इतिहास याचा चांगला पुरावा आहे.

सुरुवात पगारापासून करू. 1950 च्या दशकात कसोटी खेळण्याचं मानधन 250 रुपयांच्या घरात होतं आणि कसोट्या वर्षाला मोजक्याच असत. त्यावर कोणाचं घर चालणार? म्हणून मुंबईचा कसोटीपटू नोकरदार होता. वाडेकर स्टेट बँकेत, दिलीप सरदेसाई आणि बापू नाडकर्णी एसीसीत, नंतरच्या पिढीतले सुनील गावसकर, संदीप पाटील आणि रवी शास्त्री निर्लॉनमध्ये. कंपन्यांना आपसातली टाइम्स शील्ड स्पर्धा जिंकायची असे, म्हणून त्या खेळाडूंना नोकरी देत आणि सामन्यांसाठी सुट्टीही देत. पण हंगाम संपला की हा माणूस टेबलामागे बसलेला असे. त्याच्या शेजारच्या कारकुनाने रेडिओवर त्याचं शतक ऐकलेलं असे आणि दुसऱ्या महिन्यात त्याच्याच हाताखालून फाइल पुढे जात असे. अशा माणसाची सही मागायची कशाला? सही रोज हजेरीपटावर दिसतेच. चाहता हा इथे परका नव्हता. तो सहकारी होता, शेजारी होता, कधी साहेबही होता. साहेबाशी उर्मटपणा करून चालत नाही, आणि शेजाऱ्याशी केला तर त्याच जिन्यात उद्या पुन्हा तोंड दाखवावं लागतं.

दुसरी गोष्ट मैदानाची. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, शिवाजी पार्क, माटुंगा या जागांना स्टेडियमसारख्या भिंती नाहीत. आझाद मैदानात तर 22 खेळपट्ट्या इतक्या लागून आहेत की एका सामन्याचा फाइन लेग दुसऱ्या सामन्याच्या कव्हरला पाठ लावून उभा असतो. 1948 मध्ये सुरू झालेली कांगा लीग याच मैदानांवर भर पावसाळ्यात खेळली जायची. खेळपट्टी उघडी, चिखलाची. आऊटफिल्डला गवत घोट्याच्या वर. कसोटीपटूही आपापल्या क्लबातून त्यात उतरत. दादर युनियनकडून गावसकर आणि वेंगसरकर खेळत. समोरच्या क्लबचा गोलंदाज गोदीत किंवा गिरणीत कामाला असू शकत होता, आणि त्याने गावसकरांचा बळी घेतला तर ती गोष्ट त्याच्या चाळीत वर्षानुवर्षं सांगितली जाई. बाद झालेला फलंदाज क्लबच्या तंबूत येऊन बाकावर बसायचा, वाकून पॅडचे पट्टे सोडायचा, आणि दोरीपलीकडे हातभर अंतरावर उभा असलेला कोणी कारकून ‘तो चेंडू सोडायचा होता’ असं ऐकवून आपल्या लोकलकडे चालू लागायचा. खेळाडू उत्तर द्यायचा किंवा द्यायचा नाही, पण त्याला ते ऐकून घ्यावं लागायचं. मुंबईच्या खेळाडूला देशभर खडूस म्हणतात ते मैदानातल्या त्याच्या चिवटपणासाठी. मैदानाबाहेर हा खडूसपणा फार चालत नसे, कारण बाहेरचे लोकही तितकेच जाणकार आणि तितकेच खडूस होते.

आता यावर जो पहिला आक्षेप घेतला जाईल तो बरोबर आहे. ही जवळीक सगळ्यांना नव्हती. ब्रिटिश काळातले दलित क्रिकेटपटू पळवणकर बाळू यांनी पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना 4 रुपयांवर मैदानाची कामं केली, तिथल्या कॅप्टन ग्रेगला तासन्‌तास गोलंदाजी केली आणि त्यातून ते देशातले सर्वोत्तम डावखुरे फिरकी गोलंदाज झाले. हिंदूंच्या क्लबाने त्यांना जिंकण्यासाठी संघात घेतलं, पण चहा मात्र बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात दिला. म्हणजे मैदानात टाळी आणि तंबूत विटाळ. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले तेव्हा तरुण भीमराव आंबेडकरांसारखे लोक त्यांच्याकडे अभिमानाने पाहत होते. पण धर्मवार संघांच्या स्पर्धेत हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद बाळूंना कधीच मिळालं नाही. त्यांच्या भावाला, विठ्ठलला, ते मिळायला 1923 उजाडलं. बॉम्बे जिमखान्याचीही तीच तऱ्हा. 1926 मध्ये तिथे सी. के. नायडूंनी इंग्लंडच्या एमसीसी संघाविरुद्ध 11 षटकारांसह 153 धावा काढल्या आणि 1933 मध्ये लाला अमरनाथांनी भारताचं पहिलं कसोटी शतक झळकावलं. लोक आत धावले, हार पडले. पण ज्या जिमखान्याच्या मैदानावर हे घडलं, त्याचं सभासदत्व भारतीयाला मिळत नव्हतं. या गोष्टी माझ्या म्हणण्याला खोडत नाहीत, उलट बळ देतात. बाळूंशी जे वागणं झालं ते कोणा एकाच्या तुसड्या स्वभावातून आलं नव्हतं. जात आणि जिमखाना यांनी ते आधीच ठरवून ठेवलं होतं. मैदानातली मोकळीक आणि तिच्या आतलं कुंपण, दोन्ही माणसांनीच तयार केली होती. बायकांना तर त्या तंबूंच्या आसपास जागाच नव्हती.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे: जवळीक म्हणजे प्रेमच असतं असं नाही. 1971 च्या विजयानंतर वाडेकरांच्या संघाची मुंबईत उघड्या मोटारींतून मिरवणूक निघाली, इंदूरमध्ये विजयाची सिमेंटची भलीमोठी बॅट उभी राहिली. 1974 मध्ये लॉर्ड्‌सवर भारत 42 धावांत गडगडला, मालिका 3-0 ने गेली, आणि त्याच इंदूरच्या बॅटला काळं फासलं गेलं, वाडेकरांच्या घरावर दगड आले. पत्ता सगळ्यांना ठाऊक असण्याची ही किंमत होती. बसमध्ये भेटणारा माणूस दारातही येऊ शकतो. हे मान्य करूनच पुढे गेलं पाहिजे, कारण आजच्या खेळाडूने अंतर राखलं यात केवळ गर्व नाही, अनुभवही आहे. पण लक्षात घ्या, दगड मारणारे हे क्रॉस मैदानातले दोरीपलीकडचे जाणकार नव्हेत असं मला वाटतं. तो जाणकार टीका तोंडावर करायचा, आणि ती करायला त्याला दर रविवारी जागा होती. ज्याला तशी जागा नाही, तो दगडाकडे लवकर वळतो.

बदल कधी झाला याचं एक वर्ष सांगायचं तर मी 1975 सांगेन. जानेवारीत वानखेडे स्टेडियमवर पहिली कसोटी झाली. वेस्ट इंडीजच्या क्लाइव्ह लॉइडने द्विशतक पूर्ण केलं तेव्हा एक तरुण अभिनंदन करायला आत धावला. ब्रेबॉर्न स्टेडियमवर, जिमखान्यावर लोक असे धावतच आले होते; 1960 मध्ये फलंदाज अब्बास अली बेगच्या गालाचा एका मुलीने मुका घेतला तो ब्रेबॉर्नवरच. वानखेडेवर मात्र पोलिसांनी त्या तरुणाला चोप दिला. लोक भडकले, जाळपोळ झाली, खेळ थांबला. चाहत्यांनी इतकी वर्षं जी आपली वहिवाट मानली होती, ती नव्या काँक्रीटच्या स्टेडियमात गुन्हा ठरली होती. तोवर, 1972 पासून, मुंबईत दूरदर्शनही आलं होतं. काही जण म्हणतात, आधी लोक खेळाडूंना चेहऱ्याने ओळखतच नव्हते, म्हणून ते सुखाने फिरू शकत. देशाच्या बाबतीत हे खरं असेल. मुंबईच्या मैदानांवर चेहरा टीव्हीच्या आधीपासून ओळखीचा होता. टीव्हीने केलं ते एवढंच, की खेळाडूला ओळखणारे पण ज्यांना तो ओळखत नाही असे कोट्यवधी लोक तयार केले.

मग पैसा आला. 1983 चा विश्वचषक जिंकला तेव्हा बोर्डाकडे बक्षिसाला पैसे नव्हते. लता मंगेशकरांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला आणि त्यातून प्रत्येक खेळाडूला 1 लाख रुपये मिळाले. बारा वर्षांनी, 1995 मध्ये, सचिन तेंडुलकरचा वर्ल्डटेल कंपनीशी करार झाला तो कोट्यवधींचा. त्याला बँकेच्या टेबलाची गरज उरली नाही, आणि त्याबरोबर टेबलाशेजारचा कारकूनही गेला. हाच सचिन शिवाजी पार्कात प्रशिक्षक रमाकांत आचरेकरांनी स्टंपवर ठेवलेल्या एक रुपयाच्या नाण्यासाठी दिवसभर फलंदाजी करत मोठा झाला होता. पुढे ‘रोजा’ हा सिनेमा पाहायला त्याला खोटी दाढी लावून थिएटरात जावं लागलं. मध्यंतरात चष्मा पडला, लोकांनी ओळखलं आणि सिनेमा अर्धवट टाकून निघावं लागलं. त्याच्या पत्नीने, अंजलीने, हे सांगितलं आहे. या माणसाच्या नम्रतेबद्दल कोणाला शंका नाही. नम्र असूनही त्याला दाढी लावावी लागली, हाच माझा मुद्दा आहे.

अंतर कायमचं झालं असंही मला वाटत नाही. जानेवारी 2025 मध्ये रोहित शर्मा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर मुंबईकडून रणजी सामना खेळला. त्याच महिन्याच्या 30 तारखेला विराट कोहली दिल्लीत 2012 नंतर प्रथमच रणजीसाठी उतरला. प्रवेश मोफत होता, हजारो लोक आले, एक जण मैदानात धावत जाऊन पाया पडला. दुसऱ्या दिवशी कोहली 6 धावांवर त्रिफळाचीत झाला आणि गर्दी घरी गेली. ही जवळीक नव्हती, बारा वर्षांची तहान होती. जो खेळाडू दर रविवारी दिसतो त्याच्या पाया पडायला कोणी कुंपण ओलांडत नाही. म्हणून मुंबई क्रिकेट असोसिएशनने करारबद्ध खेळाडूंना वर्षातून निदान दोन क्लब सामने खेळायला लावावेत, आणि महापालिकेने मैदानं कोणाच्याही नावावर बंदिस्त होऊ देऊ नयेत. वाचकांनीही एक करावं. सुट्टीच्या दिवशी चर्चगेटला उतरून क्रॉस मैदानाच्या दोरीपाशी जाऊन उभं राहावं. तिथे तिकीट लागत नाही.