मासिकांतून ग्रंथात

एखाद्या अपरिचित लेखकाचा कथासंग्रह वाचनालयाच्या कपाटात अवचित हाती लागावा, उभ्याउभ्याच त्यातील पहिली गोष्ट वाचून व्हावी आणि दुसरीला प्रारंभ करण्यापूर्वीच हा लेखक आता आपला झाला अशी खूणगाठ मनाशी बांधली जावी, हा आनंद मराठी वाचकाच्या वाट्याला येऊ लागला त्याला फार तर शे-सव्वाशे वर्षे झाली असतील. गोष्टी त्यापूर्वी नव्हत्या असे नव्हे. गोष्टींचा संग्रह करण्याची प्रवृत्ती तर मराठी गद्याइतकीच जुनी आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या मुखातून निघालेले दृष्टान्त केसोबासांनी ‘दृष्टान्तपाठा’त एकत्र केले. हा ग्रंथ महानुभावांच्या सांकेतिक लिप्यांच्या कुलपात शतकानुशतके बंद राहिला, आणि राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या खटपटीने ते कुलूप निघाले तेव्हा कोठे पंथाबाहेरच्या मराठी माणसाला आपल्या भाषेतील या आद्य कथाधनाचा पत्ता लागला. मुद्रणकलेचा मराठीत प्रवेश झाला तोही गोष्टींचेच बोट धरून. तंजावरास सरफोजी महाराजांच्या छापखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जी पुस्तके सिद्ध झाली त्यांत इसापाच्या कथांचे मराठी रूपांतर होते, आणि इकडे बंगाल्यात श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी १८१४ साली मोडी खिळ्यांत छापलेले पुस्तक ‘सिंहासनबत्तिशी’ हे होते.

परंतु या पुस्तकांत वाचकाला गोष्टी मिळत; गोष्टी लिहिणारा मिळत नसे. विक्रमाची कथा कोणी प्रथम रचली हा प्रश्न ती ऐकणाऱ्याच्या मनात उद्भवतच नाही, आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी ज्या प्रौढ, प्रवाही मराठीत आणल्या त्या भाषेचे कौतुक करणारा वाचकसुद्धा त्या गोष्टी शास्त्रीबोवांच्या आहेत असे मानीत नसे. आज ज्याला आपण कथासंग्रह म्हणतो त्याचा प्राण मात्र हाच की, निरनिराळ्या दहाबारा गोष्टींच्या मागे एकच मन उभे आहे याचा प्रत्यय वाचकाला क्रमाक्रमाने येत जातो. हा प्रत्यय मराठीत शक्य झाला तो नियतकालिकांमुळे.

हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली पुण्यास ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि त्यात चालू कादंबऱ्यांच्या जोडीने त्याच अंकात संपणाऱ्या लहान गोष्टी ते देऊ लागले. या गोष्टींना त्यांनी ‘स्फुट गोष्टी’ एवढेच साधे नाव दिले होते. दुष्काळाने गांजलेल्या कुटुंबाची ‘काळ तर मोठा कठीण आला!’ ही त्यांची गोष्ट मराठीतील थोर कथांत गणली जाते. पण ज्या आठवड्यात ती छापून आली त्या आठवड्यातील वाचकाच्या दृष्टीने ती त्या अंकातील मजकुराचा एक भाग होती, आणि पुढचा अंक आला की आधीचा अंक घरातील फडताळात किंवा वाण्याच्या दुकानी जाण्याची वाट पाहत पडे. पुढे याच गोष्टी ‘स्फुट गोष्टी’ या नावानेच पुस्तकांच्या भागांत एकत्र झाल्या, आणि साप्ताहिकातून ग्रंथात जाण्याचा मराठी कथेचा मार्ग आखला गेला.

हा मार्ग रुळला तो ‘मनोरंजना’च्या काळात. सावंतवाडी संस्थानातील आजगावच्या काशिनाथ रघुनाथ आजगावकरांनी बंगाली भाषेवरील प्रेमापायी ‘मित्र’ हे बंगाली उपनाम धारण केले आणि १८९५ च्या जानेवारीत हे मासिक सुरू केले. १९०९ साली त्यांनी दिवाळीचा खास अंक काढला, आणि फराळाच्या ताटाशेजारी नव्या गोष्टींचा अंक असावा अशी जी रूढी मराठी घरांत पडली तिचा उगम तेथे आहे. मित्रांच्या मासिकाने गोष्टीला जी प्रतिष्ठा दिली तीमुळेच लिहिणाऱ्यांची एक पिढी उभी राहिली. या पिढीतील विठ्ठल सीताराम गुर्जर यांचे नाव येथे मुद्दाम घेतले पाहिजे. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ची पदे रचणारे म्हणून गुर्जर आज नाट्यप्रेमी मंडळींना ठाऊक असतात, परंतु आपल्या काळी ते महाराष्ट्रातील घराघरांत वाचले जाणारे गोष्टीलेखक होते. त्यांनी बंगाली कथांच्या आधाराने आणि स्वतंत्रपणेही शेकडो गोष्टी लिहिल्या. घटनेची गुंतागुंत करून शेवटी ती अलगद सोडविण्याचे त्यांचे कसब त्या काळच्या वाचकाला फार प्रिय होते. या शेकडो गोष्टींपैकी त्यांच्या हयातीत ग्रंथात गेल्या त्या अगदी थोड्या, आणि ज्या गेल्या नाहीत त्या मासिकाच्या पिवळ्या पडत चाललेल्या पानांतच राहिल्या. मला या गोष्टीचे मनापासून दुःख वाटते, कारण ज्या लेखकाने वाचकांच्या एका पिढीला गोष्टीची गोडी लावली त्याच्या पदरी त्या गोडीचे फळ पडले नाही. मासिकाचे आयुष्य महिन्याचे. संग्रह हा त्या आयुष्यावरचा एकमेव उतारा आहे.

पण संग्रह निघाला तरी तो वाचकाला गाठणार कोठे? मध्यमवर्गीय कारकुनाच्या किंवा तालुक्याच्या शाळामास्तराच्या मासिक जमाखर्चात क्रमिक पुस्तकांखेरीज पुस्तकांचे सदर क्वचितच असे. येथे महाराष्ट्राच्या एका जुन्या संस्थेचे ऋण मानले पाहिजे. रत्नागिरीस १८२८ साली, म्हणजे पेशवाई बुडून दहा वर्षे होतात न होतात तोच, ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ स्थापन झाली. नाशकास १८४० साली, पुण्यास १८४८ साली, कोल्हापुरास १८५० साली अशीच ग्रंथालये निघाली. इंग्रज अंमलदार आणि स्थानिक प्रतिष्ठित गृहस्थ यांच्या पुढाकाराने निघालेल्या या संस्थांत प्रारंभी इंग्रजी ग्रंथांचा भरणा अधिक असे. पुढे ठाण्यास विनायक लक्ष्मण भावे यांनी १८९३ साली केवळ मराठी ग्रंथांसाठी संग्रहालय काढले. मिठागरांचा व्यवसाय सांभाळून ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे हेच ते भावे. १८९८ साली मुंबईकरांनीही मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापिले, आणि मराठी पुस्तकाला स्वतःचे असे घर मिळाले. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी तर १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाच्या तज्ज्ञास पाचारण करून संस्थानभर मोफत वाचनालयांची तजवीज केली आणि पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेडोपाडी धाडण्याची व्यवस्था लावली.

या वाचनालयांचा कारभार मी जवळून पाहिला आहे, आणि त्यातील बारीकसारीक रीतींवर माझा जीव आहे. पुस्तक विकत आले की त्याची दाखल नोंदवहीत नोंद व्हावी, त्याला क्रमांक मिळावा, शिक्का मुखपृष्ठामागे तर बसावाच, पण आत एका ठरावीक पानावर, जे त्या वाचनालयाच्या कारकुनांखेरीज कोणास ठाऊक नसावे, तेथेही तो बसावा, म्हणजे कोणी पहिली पाने फाडून पुस्तक दडपले तरी मालकी सिद्ध व्हावी! मग बांधणीसाठी रवानगी. बांधणारा मूळचे सुबक वेष्टण काढून टाकी, जाड पुठ्ठे लावी, पाठीला कापड चढवी आणि कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घाली. अशा रीतीने लेखकाचे आणि प्रकाशकाचे सारे नटवेपण हरपून ज्ञानकोशापासून कथासंग्रहापर्यंत सर्व पुस्तके एकाच वेषात कपाटात उभी राहत. पाठीवर हस्ताक्षरातील चिठ्ठी. तिच्यावरील शाईही फिकी झालेली. अमुक एका लेखकाचा संग्रह घ्यावा असे ठरवून येणारा वाचक थोडाच. बहुतेकांचा शोध हा खरोखर शोधच असे, कारण पुस्तक उघडल्यावाचून आत काय आहे हे कळण्यास मार्ग नसे.

दिवाकर कृष्ण यांचा ‘समाधी व इतर सहा गोष्टी’ हा १९२७ चा संग्रह मला मिळाला तो एका तालुक्याच्या गावच्या वाचनालयात, याच वेषात. पुस्तक अंगाने इतके सडपातळ की दोन जाडजूड कादंबऱ्यांच्या मध्ये ते दडपून गेले होते. मागच्या तारीखचिठ्ठीवर मात्र शिक्क्यांची दाटी होती, आणि काही पानांच्या समासात कोणा पूर्ववाचकाने पेन्सिलीने उभ्या रेषा ओढून ठेवलेल्या होत्या. हे दिवाकर कृष्ण केळकर पुढे हैदराबादेस वकिली करीत. निजामाच्या राजधानीत, जेथे कचेऱ्यांचे दप्तर उर्दूत चाले, तेथे राहून त्यांनी मराठी कथेचे अंतरंग पालटून टाकले. त्यांची ‘अंगणातला पोपट’ ही गोष्ट १९२२ साली ‘मनोरंजना’त आली. गुर्जरांच्या गोष्टीत वाचक पुढे काय घडणार या उत्कंठेने पान उलटी; दिवाकर कृष्णांच्या गोष्टीत तो पान उलटण्याचे लांबणीवर टाकतो, कारण घटना अगदी अल्प असते आणि तिच्यामुळे एखाद्या कोवळ्या मनाला जो चरा पडतो त्याच्याकडेच लेखकाची दृष्टी खिळलेली असते. सात गोष्टींच्या या संग्रहाने मराठी लघुकथेचा इतिहास दोन भागांत विभागला, असे समीक्षकांनी म्हटले आहे ते मला यथार्थ वाटते. ज्यांनी ‘मनोरंजना’त त्यांची एखादीच गोष्ट वाचली असेल त्यांना ती करुण आणि हृद्य वाटली असेल; सात गोष्टी सलग वाचणाऱ्याला मात्र असे दिसून येते की कारुण्य हा या लेखकाचा विषय नसून मनुष्य आपले दुःख किती निगुतीने झाकून ठेवतो हा त्याचा विषय आहे. हे ज्ञान मासिकाच्या एका अंकाने होत नाही. त्यासाठी संग्रहच लागतो. त्यांनी लिहिले अत्यल्प, पुढचा ‘रूपगर्विता’ संग्रह यायला चौदा वर्षे लागली. आणि तरीही ज्याला ते पहिले कृश पुस्तक भेटले तो वाचक त्यांना विसरला नाही.

संग्रहाने गोष्टींना दिलेले हे नवे आयुष्य पुढेही वेळोवेळी दिसले. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ १९४९ साली ग्रंथरूपाने आली. सुटी वाचली तर ती एकेका माणसाची शब्दचित्रे. धर्मा रामोशी, झेल्या, रामा मैलकुली ही माणसे एका पुस्तकात शेजारी शेजारी आली तेव्हा त्या सर्वांच्या पाठीमागचा कोरडा, उपेक्षित माणदेशच उभा राहिला आणि त्या मुलखाचे नावही न ऐकलेल्या पुण्यामुंबईच्या वाचकाला तो आपला वाटू लागला. दहा वर्षांनी, १९५९ साली, धारवाडास इंग्रजी शिकविणाऱ्या जी. ए. कुलकर्णी यांचा ‘निळासावळा’ निघाला. ‘सत्यकथे’सारख्या मासिकांतून त्यांचे नाव जाणकारांना परिचित होतेच, परंतु सभासंमेलनांपासून कटाक्षाने दूर राहणाऱ्या या लेखकाशी सामान्य वाचकाचा परिचय व्हावा तो केवळ पुस्तकांतून. हैदराबाद आणि धारवाड, दोन्ही स्थळे मराठी मुलखाच्या सीमेपलीकडची. तेथे बसून लिहिणाऱ्या मनुष्याचा आवाज कोकणातल्या किंवा खानदेशातल्या वाचनालयात टपालाने आलेल्या मासिकाच्या आणि बांधणीहून आलेल्या संग्रहाच्या द्वारेच पोहोचला, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

अशा संग्रहाच्या आरंभी किंवा अखेरीस पूर्वप्रसिद्धीची एक यादी असते: कोणती गोष्ट कोणत्या मासिकात, कोणत्या साली, कोणत्या दिवाळी अंकात आली होती. पुष्कळ वाचक ती न वाचताच पान उलटतात. मी ती आधी वाचतो. एखाद्या लेखकाची पहिली गोष्ट कोणत्या संपादकाने स्वीकारली, मध्ये किती वर्षे तो गप्प बसला, पुढे कोणत्या एका मासिकाशी त्याची गाठ पडली, हे सारे त्या आठदहा ओळींत येते, आणि प्रामाणिक प्रकाशकाने दिलेली ही यादी नसती तर मराठी कथेचा इतिहास लिहिणे अशक्यप्राय झाले असते.

ज्या गोष्टी अशा यादीपर्यंत पोहोचल्याच नाहीत, किंवा ज्यांचे संग्रहच विस्मरणात गेले, त्यांच्यासाठी काही माणसांनी आपले आयुष्य वेचले. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळात छापलेल्या मराठी ग्रंथांची सूची वाचनालयांची कपाटे धुंडाळून सिद्ध केली, आणि आजही एखाद्या विस्मृत संग्रहाचे साल, प्रकाशक किंवा पृष्ठसंख्या पाहिजे असली की अभ्यासक प्रथम ‘दाते सूची’ उघडतो. राम कोलारकरांनी तर जुन्या मासिकांच्या बांधीव अंकांत शिरून ‘सर्वोत्कृष्ट मराठी कथा’ या मालेचे खंडामागून खंड सिद्ध केले. हे खंड बहुतेक जिल्हा वाचनालयांत सापडतात. ज्यांनी गुर्जरांचे किंवा ‘मनोरंजन’काळातील इतर लेखकांचे नावच ऐकले आहे त्यांनी तेथून आरंभ करावा, आणि नंतर ग्रंथपालाची परवानगी काढून मूळ अंकांच्या फायली मागवाव्या; त्यांतील पुष्कळ गोष्टी अजून पहिल्यांदाच ग्रंथात जाण्याच्या वाटेवर आहेत.