रायगडावरचा परदेशी पाहुणा

सांताक्रूझ हें नांवच पोर्तुगीज. त्याचा अर्थ ‘पवित्र क्रूस’. इ. स. १६७४ सालीं माहीमच्या खाडीच्या दक्षिणेस इंग्रजांची मुंबई होती आणि उत्तरेस ही आपली साष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यांत होती. मराठ्यांनीं ती घेतली पुढें १७३७ सालीं. अशा दोन फिरंगी सत्तांच्या शेजारीं एक मराठा राजा छत्र धारण करणार, ही वार्ता मुंबईस पोंचली, तेव्हां इंग्रजांनीं हेन्री ऑक्झेंडन ह्यास वकील म्हणून रायगडीं धाडलें.

तो कांहीं कौतुक करावयास निघाला नव्हता. राजापूरची वखार १६६१ सालीं मराठ्यांनीं लुटली होती. तिची भरपाई आणि व्यापाराच्या सवलती, एवढेंच त्याचें काम. चौलवरून मजल दरमजल करीत स्वारी पाचाडास आली, तों महाराज प्रतापगडीं भवानीच्या दर्शनास गेलेले! पाहुण्यास वाट पाहणें भाग पडलें.

सभासदानें आपली बखर ह्या सोहळ्यानंतर सुमारें २० वर्षांनीं लिहिली; तींत स्वामिभक्ति ओसंडते. ऑक्झेंडन पडला हिशेबी माणूस. महाराजांच्या सुवर्णतुलेस सुमारें १६,००० होन लागले, हें तो टिपून ठेवतो. इंग्रजांच्या तेव्हांच्या पंचांगाप्रमाणें ६ जून रोजीं सकाळीं तो दरबारांत गेला. नारायण शेणवी ह्या दुभाष्यानें नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरून दाखविली. महाराजांनीं त्यांना सिंहासनाच्या पायथ्याशीं बोलावून वस्त्रें दिलीं. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंस भाल्यांवर राजचिन्हें होतीं: सोन्याचीं मत्स्यमुखें, घोड्यांचीं पुच्छें आणि समतोल असा सोन्याचा तराजू. तराजू हें न्यायाचें चिन्ह, हें त्या व्यापाऱ्यानें बरोबर ओळखलें.

परततांना वाड्याच्या दाराशीं त्याला लहान हत्ती आणि सोन्याच्या साजाचे घोडे दिसले. इतक्या बिकट वाटेनें हीं जनावरें वर आणलीं तरी कशीं, असें तो लिहितो. तेथें त्यानें योजलेल्या इंग्रजी शब्दाचा अर्थ आज ‘कौतुक करणें’ असा होतो. त्या काळीं ‘थक्क होणें’ असाही होत असे. घाईनें वाचणाऱ्यास तेथें स्तुति दिसेल. परकीयाचें प्रशस्तिपत्र म्हटलें कीं आपण जरा लवकरच हुरळतों! मला तर तो अचंबाच अधिक मोलाचा वाटतो; स्तुति काय, वकिलाला करावीच लागते.

त्याला न दिसलेलें पुष्कळ होतें. पिढ्यान् पिढ्या आदिलशाहीची आणि निजामशाहीची चाकरी केलेल्या लोकांनीं त्या दिवसापासून स्वतःचा शक सुरू केला. कारभारांतील फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश महाराजांनीं करविला. हा अभिमान भाल्यावर टांगून दाखविण्यासारखा नव्हता.

१२ जूनला तह झाला. निघण्यापूर्वींची एक गोष्ट डॉ. फ्रायरच्या ग्रंथांत आहे. इंग्रजांना मांस पुरविणारा म्हातारा खाटीक, एवढें मांस खाणारीं माणसें आहेत तरी कशीं तें पाहावें, म्हणून गड चढून वर आला होता.