इंजिनाला कान आणि गळा

आमच्या भागात रेल्वे टप्प्याटप्प्यानं आली. 1858 च्या डिसेंबरात जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचे रूळ भीमेकाठच्या डिकसळपर्यंत पोचले. 23 ऑक्टोबर 1859 ला गाडी बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत धावली आणि पुढच्या जूनमध्ये सोलापुरात शिरली. जेऊर या मधल्या टप्प्यावरचं. करमाळ्याला रेल्वे नाही, त्यामुळं तालुक्याचा माणूस गाडी धरायला जेऊरलाच येतो. पुढं उजनी धरणाचं पाणी वाढलं, तेव्हा खालचा मार्ग हलवावा लागला. पोमलवाडीचं जुनं स्टेशन त्यात गेलं आणि डिकसळच्या रेल्वेपुलावरून एसटी, ट्रॅक्टर जायला लागले. आता जेऊर म्हटलं की लोक नागराज मंजुळेंचं नाव घेतात, ते बरोबरच आहे. पण माझ्या पिढीला जेऊर आधी कानानं कळलं.

स्टेशनच्या बाजूला माझं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. आता मुलगा तिथं मोबाइल दुरुस्त करतो आणि मी वरच्या खोलीत प्लायवूडवर जेऊर स्टेशन मांडून बसलोय. लोक बघायला येतात आणि हमखास एकच विचारतात, फोनवरून इंजिन चालतंच कसं आणि त्यातून आवाज निघतो कुठून? त्याचं उत्तर द्यायचं तर थोडं मागं जावं लागतं.

मोठ्या रेल्वेची मुख्य अडचण पहिल्यापासून एकच. एका रुळावर दोन गाड्या समोरासमोर आल्या की संपलं. म्हणून मार्गाचे तुकडे पाडले, एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी. एकेरी मार्गावर कितीतरी ठिकाणी ड्रायव्हरच्या हातात टोकनचा लोखंडी गोळा पडल्याशिवाय इंजिन हलत नसे. चामडी पिशवी, तिला मोठं कडं, फलाटावर उभा पोर्टर आणि धावत्या इंजिनातून बाहेर आलेला हात. पुढच्या स्टेशनच्या यंत्राशी जुळल्याशिवाय इकडच्या यंत्रातून गोळा निघतच नसे. म्हणजे परवानगी कागदावर नव्हती, वस्तूत होती.

खेळण्यातल्या रेल्वेनं अगदी हीच वाट धरली. जुन्या पद्धतीत रुळांत 12 व्होल्टपर्यंतची डीसी वीज सोडायची, बटण फिरवलं की व्होल्टेज वाढतं आणि इंजिन पळतं. पण वीज रुळात असते, इंजिनाला उद्देशून नसते. त्याच रुळावर दुसरं इंजिन ठेवलं की तेही पळणार. मग शौकीन लोकांनी रुळाचे तुकडे केले, प्रत्येक तुकड्याला वेगळी वायर आणि वेगळा स्विच. टेबलाखाली वायरींचं जंगल. पुण्यात कोथरूडला बी. एस. जोशींनी 1 एप्रिल 1998 ला लघु रेल्वेचं संग्रहालय उघडलं. तिथं गाड्या, सिग्नल आणि उड्डाणपूल आपापल्या वेळेवर चालताना पाहिले, तेव्हा माझी नजर गाड्यांवर ठरेना. हे सगळं खालून कुणी आणि कसं बांधलं असेल, याचाच विचार डोक्यात. दुरुस्ती करणाऱ्याला वरचं चित्र कमी दिसतं.

इंजिनाला रुळातूनच वेगळा निरोप देता येईल, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत लायोनेल कंपनीनं 1935 मध्ये टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात, छोटा पंखा बसवून खरी शिट्टी वाजवली. रुळात एसी वीज असायची, बटण दाबलं की तिच्यावर थोडी डीसी चढायची आणि टेंडरमधला रिले तेवढं ओळखायचा. निरोप एकच, ‘वाज’. 1960 च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकनं अ‍ॅस्ट्रॅक नावाची यंत्रणा काढली, तिच्यात पाच इंजिनं वेगवेगळी चालवता येत. 1979 मध्ये इंग्लंडच्या हॉर्नबीनं झीरो-वन बाजारात आणलं, त्यात सोळा इंजिनं. पुढं जर्मनीत मर्क्लिननं आपली डिजिटल पद्धत आणली. मात्र एका कंपनीचं इंजिन दुसरीच्या रुळावर मुकं. शेवटी जर्मनीच्याच लेन्झ कंपनीची पद्धत अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशननं 1990 च्या दशकात प्रमाण मानली. तीच डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल.

रेडिओवाल्याला डीसीसी चटकन पटते. रुळात वीज कायम पूर्ण असते, फक्त तिची दिशा सारखी उलटसुलट होत राहते. अर्धा ठोका 58 मायक्रोसेकंदांचा असेल तर तो ‘एक’, 100 किंवा त्याहून लांब असेल तर ‘शून्य’. अशा एक-शून्यांच्या माळेत आधी इंजिनाचा नंबर, मग हुकूम आणि शेवटी तपासणीचा आकडा. प्रत्येक इंजिनाच्या पोटातला डीकोडर सगळे निरोप ऐकतो, पण हलतो फक्त स्वतःच्या नंबरावर. नवा डीकोडर डब्यातून निघतो तेव्हा त्याचा नंबर असतो तीन; तो न बदलता दोन इंजिनं रुळावर ठेवली की पुन्हा दोन्ही पळतात. नंबर बदलले की एका रुळावर दोन गाड्या आपापल्या मर्जीनं जातात. टोकनचा गोळा आता इंजिनाच्या आत गेला, असं मी बघायला येणाऱ्या पोरांना सांगतो.

इंजिनाला कान मिळाल्यावर गळा मिळायला वेळ लागला नाही. साउंड डीकोडर म्हणजे त्याच चिपवर थोडी मेमरी, अ‍ॅम्प्लिफायर आणि साखरेच्या खड्याएवढा स्पीकर. आवाज एकसंध नसतो, तुकड्यांनी साठवलेला असतो. डिझेल असेल तर उभ्या इंजिनाची घरघर वेगळी, एक ते आठ नॉचचा, म्हणजे ड्रायव्हरच्या दांड्याच्या टप्प्यांचा, प्रत्येक आवाज वेगळा आणि एका नॉचवरून दुसऱ्यावर चढताना येणारा तुकडाही वेगळा. वाफेचं दोन सिलिंडरचं इंजिन असेल तर चाकाच्या एका फेऱ्याला चार भकभक. चाकाची गती पाहून डीकोडर त्या सोडतो. हॉर्न, ब्रेकची किरकिर, हवेचा फुसकारा यांच्या कळा निराळ्या.

माझं पहिलं इंजिन डब्ल्यूडीएम-2. जेऊरच्या माणसाला त्याचं नाव माहीत नसेल, आवाज माहीत आहे. अमेरिकेच्या अल्को कंपनीचा नमुना, सोळा सिलिंडर, 2600 अश्वशक्ती. वाराणसीच्या कारखान्यातून असलं पहिलं इंजिन 1964 च्या जानेवारीत बाहेर पडलं. मालगाडी घेऊन निघताना आधी काळा धूर, मग टर्बोची शीळ आणि त्याखाली जमिनीतून आल्यासारखा धडधडाट. बाजारात भारतीय इंजिनाचा तयार आवाज मला मिळेना. मग लक्षात आलं की अल्कोचं 251 जातीचं इंजिन अमेरिकेतही धावलेलं आहे आणि तिथल्या लोकांनी त्याचे आवाज नीट रेकॉर्ड करून ठेवले आहेत. ईएसयू या जर्मन कंपनीच्या डीकोडरमध्ये तो आवाज भरला आणि खोलीत आमची मालगाडी उभी राहिली. हॉर्न तेवढा परका होता. तो मी दुकानात पडलेल्या जुन्या कॅसेटवरून काढला. सिग्नलला अडकलेली गाडी कंटाळून हॉर्न देत असे, तेव्हाचा.

अमेरिकन डीकोडरमध्ये एफ-वन ही कळ घंटेची. तिकडं इंजिनावर घंटा असते. आमच्याकडं घंटा फलाटावर. दोरीला बांधलेला रुळाचा तुकडा आणि त्यावर हातोडा. मी भंगारातून रुळाचा तुकडा आणला, खोलीबाहेर टांगला, ठोकला, रेकॉर्ड केला आणि एफ-वनवर चढवला. ईएसयूच्या प्रोग्रामरनं स्वतःचा आवाज भरता येतो, हा त्याचा मोठा गुण.

ब्लूटूथ आलं तेव्हा निरोपाला रुळाचीही गरज उरली नाही. बाकमनच्या सुरुवातीच्या ब्लूटूथ इंजिनांत गंमत अशी होती की इंजिन टेबलावर चाले आणि आवाज हातातल्या फोनमधून येई. हॉर्नबीनं 2023 मध्ये एचएम-7000 मालिकेचे डीकोडर काढले, त्यात आवाजही इंजिनातच. फोनवरचं अ‍ॅप थेट डीकोडरशी बोलतं, रुळानं फक्त वीज पुरवायची. नवा आवाजही फोनवरूनच इंजिनात उतरवता येतो, पण तो कंपनीच्या यादीतला. नातवाला हेच आवडतं, कारण वायर नाही. मला मात्र आपला हॉर्न घालता येत नाही हे खटकतं.

तो डीकोडर मी बार्शी लाईटच्या इंजिनाला दिला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं ही अडीच फुटी लाईन बार्शी रोड ते बार्शी अशी 1897 मध्ये सुरू केली. पुढं ती पंढरपूर, लातूर आणि 1927 मध्ये मिरजेपर्यंत पसरली, 1954 मध्ये सरकारनं ती घेतली, आणि आता तिथं ब्रॉडगेज आहे. मॉडेलवाल्याला तिच्यात एक फायदा आहे. एचओ मापात, म्हणजे सत्त्याऐंशी पटीनं लहान करताना, आपलं 1676 मिलिमीटरचं ब्रॉडगेज साधारण 19 मिलिमीटर व्हायला हवं, पण बाजारातला रूळ 16.5 चा. म्हणून माझं डब्ल्यूडीएम-2 थोडं पाय जवळ घेऊन उभं राहिल्यासारखं दिसतं. बार्शी लाईटचे 762 मात्र पावणेनऊ होतात आणि नऊचा रूळ दुकानात सहज मिळतो. मुख्य लाईनपेक्षा तीच अचूक बसली.

आवाजाचं मात्र उलटं झालं. 2022 मध्ये दौंड-सोलापूर दुहेरीकरण पुरं झालं, विजेच्या तारा आल्या, अल्को मागं पडलं. तरी त्याचा आवाज जगात कुठं ना कुठं साठवलेला आहे. बार्शी लाईटच्या इंजिनांची शिट्टी माझ्या एकाही कॅसेटवर नाही. नाइलाजानं मी अ‍ॅपच्या यादीतल्या एका लहान इंग्रजी इंजिनाचा आवाज घातला. डीकोडर कितीही हुशार असो, कुणीतरी कधीतरी माइक धरला असेल तेवढंच तो बोलतो. आमच्याकडं माइक लग्नात धरला, भाषणाला धरला, इंजिनासमोर क्वचितच.

मध्यंतरी कुर्डुवाडीचे एक निवृत्त फायरमन आले. कानाला यंत्र. मी नातवाला अ‍ॅपवरून शिट्टी द्यायला सांगितली. म्हातारबुवांनी मान हलवली, “ही साहेबाच्या देशातली. आमची एवढी बारीक नव्हती. शेवटी अशी खाली यायची.” आणि दोन बोटं ओठांशी नेऊन त्यांनी स्वतः शिट्टी घातली. मी म्हणालो, “बाबा, थांबा जरा, परत घाला,” आणि नातवाला फोनचं रेकॉर्डिंग चालू करायला लावलं. हॉर्नबीच्या डीकोडरमध्ये ते चढणार नाही, म्हणून आता बार्शी लाईटच्या त्या इंजिनातही ईएसयूचाच डीकोडर बसवतोय. जागा फार कमी आहे, पण स्पीकर कोळशाच्या पेटीत मावेल असं दिसतंय.