निळा वाडगा आणि वेगळा कप

मागच्या दिवाळीत पुण्याहून चंद्रपूरला घरी जाताना मी एक जपानी वाडगा नेला. पांढरी चिनी माती, त्यावर हातानं काढलेली निळी वेल. ऑनलाइन मागवलेला, किंमत दीड हजार. आजीनं तो उलटा करून पाहिला आणि म्हणाली, "एवढ्या पैशाचा काहून आनला बाप्पा? फुटला म्हंजे?" मग थोडं थांबून म्हणाली, "तुह्या आज्याचा कपही असाच होता. निळ्या काठाचा. टपरीवर येगळा ठेवलेला."

आजोबांच्या तरुणपणी गावाबाहेरच्या टपरीवर आमच्या वस्तीतल्या लोकांसाठी एक कप वेगळा असायचा. कान तुटलेला. चहा प्यायचा, आपणच विसळायचा, परत कोनाड्यात ठेवायचा. ते ऐकल्यापासून मी या निळ्या भांड्यांचा इतिहास वाचतोय.

जपानमध्ये ही भांडी परक्या माणसांनी आणली. १५९२ ते १५९८ या काळात हिदेयोशीनं कोरियावर दोनदा स्वारी केली. परतताना त्याच्या सरदारांनी कोरियन कुंभार धरून नेले. त्यांच्यातल्या री साम्पेई या कुंभाराला १६१६ मध्ये क्यूशू बेटावरच्या अरिता गावाजवळ चिनी मातीचा दगड सापडला, असं तिथली परंपरा सांगते. पुढे चीनमध्ये मिंग घराणं कोसळलं, तिथला माल मिळेना, तेव्हा डच व्यापाऱ्यांनी अरिताकडे ऑर्डरी वळवल्या. ती भांडी युरोपातल्या राजवाड्यांत गेली.

पण मला जास्त आवडली ती शेजारच्या हासामी गावाची गोष्ट. तिथं साध्या लोकांसाठी वाडगे बनायचे. जाड, बुडाला जड, वरचं चित्र चार फटकाऱ्यांत उरकलेलं. योदो नदीवर होड्यांतून जेवण विकणारे 'खाणार नाही का?' अशी आरोळी द्यायचे. त्या आरोळीवरून या वाडग्यांना 'कुरावांका' म्हणू लागले. जड बुडामुळे ते हलत्या होडीत कलंडत नसत. राजवाड्यातला निळा रंग नावाड्याच्या भातापर्यंत पोचला तो असा.

त्या निळ्या रंगाचं तंत्र सोपं, पण नेमकं आहे. कोबाल्टची भुकटी पाण्यात कालवून कच्च्या किंवा एकदा भाजलेल्या भांड्यावर चित्र काढतात. तेव्हा रंग काळपट दिसतो. त्यावर झिलई चढवून भट्टीत सुमारे १३०० अंशांपर्यंत तापवलं की तो निळा होतो. इतकी आच फार थोडे रंग सोसतात, कोबाल्ट त्यातला एक. त्या आचेत मातीतले घटक वितळून एकजीव होतात. आपलं मडकं यापेक्षा बऱ्याच कमी आचेवर भाजतात, म्हणून ते सच्छिद्र राहतं, पाणी झिरपतं आणि गार होतं. चिनी मातीचं भांडं मात्र काहीच शोषत नाही. विसळलं की मागच्या माणसाचं त्यात काही उरत नाही.

इथं मी अडकलो. मातीचं भांडं उष्टं झालं की टाकायचं, यामागं निदान 'माती शोषून घेते' हे कारण तरी सांगता यायचं. पण टपरीवरचा कप तर चिनी मातीचा होता. त्यात काहीच उरत नव्हतं, तरी तो वेगळा होता. म्हणजे प्रश्न भांड्याचा कधीच नव्हता.

१९५५ मध्ये संसदेनं अस्पृश्यता गुन्हे कायदा केला. हॉटेलात सगळ्यांसाठी असलेली भांडी वापरू न देणं हा त्यात गुन्हा ठरला. 'भांडी' हा शब्द कायद्यात घालावा लागला, यावरून काय ते समजा. पुढच्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या गर्दीत आजोबा होते. आजी सांगते, त्यानंतर ते त्या टपरीवर गेले नाहीत.

त्याच दशकात चंद्रपूरजवळच्या भद्रावतीत कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ उभा केला. गावच्या कुंभाराला मडक्यापलीकडचं काम शिकवायचं, झिलईची पक्की भांडी गावात बनवायची, हा त्यामागचा विचार. आज देशभरातले सिरॅमिक कलाकार तिथं काम करायला येतात. जपानशी धागा जुळतो तो दिल्लीत. सरदार गुरचरण सिंग १९१९ मध्ये जपानला जाऊन हे काम शिकले. तिथं त्यांची ओळख यानागी सोएत्सु यांच्या गटाशी झाली. रोजच्या वापरातली, निनावी कारागिरांनी बनवलेली वस्तूच खरी सुंदर, हा विचार यानागींनी पुढं मांडला.

मी चंद्रपुरात वाढलो, पण शाळेच्या सहलीत भद्रावतीला जैन मंदिर आणि विजासनची बौद्ध लेणी पाहून परत आलो. ग्रामोदय संघाचं नाव मला पुण्यात, मोबाइलवर कळलं. जपानी वाडगा मागवायला दोन मिनिटं लागली. घरापासून तासाभरावरची भट्टी कळायला सत्तावीस वर्षं.

वाडगा आता आजीकडेच आहे. तिनं तो कपाटात ठेवला नाही. त्यात ती रोज वरण घेते, आणि शेजारची कुणी आली की तिलाही त्यातच वाढून देते.