सहीआधीची तपासणी

भोरजवळचे भाटघर धरण पावसाळ्यात भरले, की त्याच्या स्वयंचलित दरवाजांची बातमी वर्तमानपत्रांत हमखास येते. पाणी ठरावीक पातळीला पोचले की दरवाजे आपोआप उघडतात. पण जे आपोआप चालते, त्याची देखभाल आधीच करून ठेवावी लागते. कारण ऐन वेळी दुरुस्तीला सवड नसते. श्रोतेहो, हा नियम सर्वांत कडकपणे पाळावा लागतो तो विमानाच्या इंजिनाबाबत.

मुंबईत या कामाला मोठा इतिहास आहे. १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ विमाने आली आणि दोनच वर्षांत कंपनीचा सगळा ताफा जेट विमानांचा झाला. सांताक्रूझच्या जुन्या विमानतळावर जेट इंजिने खोलून दुरुस्त करणारी कार्यशाळा उभी राहिली. आधीच्या इंजिनांत दट्ट्ये वर-खाली होत. जेटमध्ये सगळे भाग गोल फिरतात. त्यामुळे झीज कमी, पण उष्णता भयंकर. आजच्या इंजिनात टर्बाइनच्या पात्यांवरून जाणारा वायू पात्याचा धातू वितळेल इतका तापलेला असतो. पात्यांच्या पोटातून हवा खेळवून ती वाचवावी लागतात.

पूर्वी ठरावीक तास भरले की सगळे इंजिन खोलत. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ही रीत बदलू लागली. दिवा लावलेली बारीक नळी आत घालून पाहायचे, तेलात धातूचा कीस आहे का तपासायचे आणि गरज असेल तेवढाच भाग उघडायचा. खर्च वाचला, पण निर्णयाचा भार अभियंत्यावर आला. काही चकत्यांना मात्र सूट नाही. उड्डाण आणि उतरणे मिळून एक फेरी. ठरलेल्या फेऱ्या भरल्या, की चकती धडधाकट दिसली तरी बाद. म्हणून प्रत्येक सुट्या भागाच्या क्रमांकाची आणि फेऱ्यांची नोंद काटेकोर ठेवावी लागते.

नजर चुकली तर काय होते? १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटी येथे युनायटेड एअरलाइन्सचे डीसी-१० विमान कोसळले. शेपटीतल्या इंजिनाच्या पंख्याची चकती हवेत फुटली आणि तिच्या तुकड्यांनी विमानाच्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. विमानातील २९६ पैकी ११२ जण दगावले. चकतीत मुळातच दोष होता. त्यातून वाढलेला तडा आधीच्या तपासणीत सापडला नव्हता. चौकशीने बोट ठेवले ते तपासणीतल्या मानवी मर्यादांवर. चमकणारा रंग लावून, अंधारात जांभळ्या प्रकाशाखाली एकसारख्या वस्तू तासन्‌तास न्याहाळताना डोळा थकतो. म्हणून एकाने केलेले काम दुसऱ्याने पुन्हा तपासायचे, आणि थकलेल्याने ‘मी थकलो’ म्हणायचे, हेही या व्यवसायाचे शास्त्रच आहे.

२०१५ मध्ये नागपूरच्या मिहानमध्ये एअर इंडियाचे देखभाल केंद्र सुरू झाले आणि हे काम विदर्भातही पोचले. जमिनीवर उभे विमान पैसा खाते, त्यामुळे ‘लवकर सोडा’ असा तगादा प्रत्येक कार्यशाळेत असतोच. अशा वेळी मन साशंक असेल तर सही न करणे, यातच देखरेख करणाऱ्या अभियंत्याची खरी कसोटी लागते. त्याने रोखलेल्या अपघाताची बातमी कधीच येत नाही. आपण मात्र सुखरूप उतरतो आणि सामानाच्या पट्ट्याकडे धावतो.