टर्कीला घातलेली हाक

शिकार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे हाकारे, मचाण आणि वाघाची डरकाळी उभी राहते. मी ज्या शिकारीविषयी लिहिणार आहे, तिच्यात यांपैकी काहीच नाही. अमेरिकेच्या रानात एप्रिल महिन्यात, उजाडायच्या आधी, एक माणूस रुंद बुंध्याच्या झाडाला पाठ लावून बसतो, तोंडावर जाळी ओढतो आणि हातातल्या लाकडी डबीवर तिचे झाकण घासून एका पक्षिणीचा आवाज काढतो. त्या आवाजाला भुलून नर चाळीस यार्डांच्या आत आला तर बंदूक. नाही तर न्याहारीला घरी. बहुधा न्याहारीच!

हा पक्षी म्हणजे रानटर्की. मी बंदूक कधी हाती धरली नाही आणि धरावी असे वाटतही नाही. पण शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाईला या पक्ष्याचे वेड लागावे, अशीच त्याची हकिगत आहे. नावापासूनच घोळ पाहा. पक्षी मूळचा अमेरिकेचा. मेक्सिकोच्या लोकांनी तो माणसाळवला आणि सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचे नाव दिले, फ्रेंचांनी हिंदुस्थानचे, डच लोकांनी आपल्या कालिकतचे, आणि खुद्द तुर्क त्याला ‘हिंदी’ म्हणतात! पोर्तुगीज भाषेत तो ‘पेरू’. जो तो दुसऱ्याच्या दाराशी नेऊन सोडतो. पोर्तुगीजांमुळे तो गोव्यास आला आणि १६१२ साली मुकर्रबखानाने तिथून आणलेल्या अपूर्वाईच्या वस्तूंबरोबर जहांगिरापुढे उभा राहिला. डोक्यामानेचे रंग क्षणोक्षणी पालटणाऱ्या या पाखराने बादशहा इतका चकित झाला की त्याने आपल्या आत्मचरित्रात त्याचे सविस्तर वर्णन केले आणि चित्रही काढविले. उस्ताद मन्सूरच्या नावावर असलेले ते चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे.

असो. तो होता पाळीव. त्याचा रानातला भाऊ मात्र वेगळ्याच दैवाचा. गोरे वसाहतवाले आले तेव्हा पूर्व अमेरिकेची राने टर्कींनी भरलेली होती. मग जंगले तुटली, शेते झाली आणि बाजारात मांसाला भाव आला. मारण्याच्या रीती ऐकून अंगावर काटा येतो. चांदण्या रात्री झाडावर झोपलेली पाखरे एकामागून एक टिपायची. लांब चर खणून त्यात मका टाकायचा आणि माना खाली घालून ओळीने टिपणाऱ्या थव्यावर एकाच बाजूने गोळी झाडायची. ओंडक्यांचा खोडा करून त्याच्याखालून दाण्यांची वाट आत न्यायची. पाखरू खाली मान घालून आत शिरते, मग वर पाहत सुटकेची जागा शोधत राहते, पण आलेल्या भोकाकडे काही पाहत नाही. यावरून त्याला मूर्ख ठरवण्यात आले. मॅसॅच्युसेट्समध्ये १८५१ च्या सुमारास शेवटची रानटर्की मारली गेली. विसाव्या शतकाच्या पहिल्या तिसाव्या-चाळिसाव्या वर्षांपर्यंत साऱ्या देशात दोनेक लाख पाखरे उरली असावीत, असा सर्वसाधारण अंदाज आहे.

पुढे शहाणपण सुचले, आणि तेही बरेचसे शिकाऱ्यांच्याच खिशातून. १९३७ च्या एका कायद्याने बंदुका आणि काडतुसे यांवरचा कर राज्यांतील वन्यप्राण्यांसाठी राखून ठेवला. आधी लोकांनी पिंजऱ्यात वाढवलेली पिले रानात सोडून पाहिली. ती जगली नाहीत. आईने शिकवले नसेल तर घुबड कोण, कोल्हा कोण, हे पोराला कसे कळावे? शेवटी १९५१ साली दक्षिण कॅरोलिनात तोफेसारख्या नळ्यांतून जाळे उडवून खरी रानटी पाखरे धरण्याची युक्ती साधली. ही पाखरे गाडीत घालून ओसाड झालेल्या रानांत सोडली आणि तिथे ती रुजली. मिझुरी राज्याने १९३७ मध्ये बंद केलेली शिकार १९६० च्या वसंतात तीन दिवसांपुरती उघडली. तीत ९४ पक्षी मारले गेले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी देशातली संख्या साठ लाखांच्या वर गेली.

आता वाचक विचारतील, वसंत म्हणजे विणीचा काळ, मग तेव्हाच शिकार कशाला? कारण एक नर अनेक माद्यांशी जुळतो. मीलन झाल्यावर मादी जमिनीवर दहा-बारा अंडी घालून सुमारे अठ्ठावीस दिवस एकटीच बसते. नराची तिला गरज उरत नाही. म्हणून वसंतात छातीवर राठ केसांची ‘दाढी’ असलेल्या पक्ष्यांनाच मारायची परवानगी. दाढी बहुधा नरालाच असते.

आणि खरी अडचण इथेच सुरू होते. निसर्गाचा रिवाज असा की नर पिसारा फुलवून एका जागी गडगडतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. शिकारी मादीचा आवाज काढून नरालाच आपल्याकडे बोलावतो, म्हणजे सारी रीतच उलटी करतो! नर उत्तर देतो, साठ-सत्तर यार्डांवर येतो आणि अडून बसतो. ‘मी आलो इतका, आता तू ये,’ असा त्याचा बाणा. शिकाऱ्याने जास्त हाका मारल्या तर त्याला संशय येतो, कमी मारल्या तर विसर पडतो. तेवढ्यात खरी मादी येते आणि त्याला घेऊन निघून जाते. खऱ्या बाईपुढे लाकडी डबीचे काय चालणार?

त्यातून त्याची नजर! डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मान थोडी वळवली की चौफेर दिसते, रंगही कळतात. डास चावला तरी हात उचलायचा नाही. वास मात्र त्याला फारसा येत नाही, एवढीच माणसावर कृपा. पहाटे त्याचा ठावठिकाणा काढायचा तर घुबडासारखे घुमायचे. दचकून तो झाडावरूनच गडगडतो. ही विद्या जुनी आहे. तिथले मूळचे लोक टर्कीच्याच पंखाच्या हाडाची नळी करून मादीसारखे बोलत. डबीचे पेटंट १८९७ मध्ये आर्कान्सासच्या हेन्री गिब्सनने घेतले. आपले फासेपारधीही पाळलेल्या तितराच्या हाकेने रानातले तितर बोलावीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो मार्ग बंद झाला.

एक धोका माणसालाही आहे. हाक इतकी हुबेहूब वठते की दुसरा शिकारी तिच्या रोखाने सरपटत येतो. नराचे डोके लाल, पांढरे, निळे; म्हणून त्या रंगाचा साधा रुमालही रानात बाहेर काढू नये, अशी ताकीद असते.

प्रेमाची हाक घालून जीव घ्यायचा, हे मला रुचत नाही. पण चांदण्यातल्या गोळीबारापेक्षा ही रीत पाखराला पळून जायची संधी देते, हेही नाकारता येत नाही. मात्र ती संधी पुरेशी आहे का, यावर आता तिकडेच वाद चालू आहे. दक्षिणेकडच्या अनेक राज्यांत टर्की पुन्हा कमी होत आहेत. रानाची स्थिती, अंडी खाणारे प्राणी, ओला वसंत, अशी कारणे सांगतात. आणि काही अभ्यासकांचा संशय असा की मीलन पुरते होण्याआधीच थोर नर मारले जातात. टेनेसी राज्याने २०२३ मध्ये शिकारीचा आरंभ दोन आठवडे पुढे ढकलला आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच नर मारायची मुभा ठेवली. पंधरा एप्रिल ही नवी तारीख ठरली, ती एवढ्याच हिशेबाने की तोवर बऱ्याच माद्या अंड्यांवर बसलेल्या असाव्यात.