काळ्या धाग्याचे विज्ञान

हॉलिवूडच्या ‘फ्लॅश गॉर्डन’ (१९३६) या १३ भागांच्या मालिकापटाने विज्ञानाला रॉकेटचे रूप दिले. मुंबईच्या अल्पखर्ची चित्रपटाने अदृश्यतेचे. ‘द इन्व्हिजिबल मॅन’वरून (१९३३) प्रेरित ‘ख्वाब की दुनिया’मध्ये (१९३७) बाबूभाई मिस्त्री यांनी काळ्या धाग्याने वस्तू हलविल्या आणि ‘काला धागा’ हे टोपणनाव मिळविले. पुढे त्यांचे हेच कौशल्य ‘संपूर्ण रामायण’सारख्या (१९६१) पौराणिक पटांतील चमत्कारांसाठी राबले. नानाभाई भट्टांच्या ‘मिस्टर एक्स’मध्ये (१९५७) मात्र अदृश्यता रसायनातून आली. चमत्काराची जातकुळी एकच, कारणमीमांसा भिन्न. तेथे वर, येथे रसायन. म्हणूनच या पटांना निव्वळ अनुकरण ठरविणे अपुरे आहे. चमत्काराला कोणते कारण जोडले जाते, यावरच विज्ञानपटाची ओळख ठरते. आणि तुटपुंज्या भांडवलाच्या या चित्रपटांत ते कारण भव्यतेआड लपत नाही.